निरोप घ्यावा तो पुढच्या दाराने

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट आहे. रविवारची मिस्सा आटोपून माणसे अंगणात उतरली होती. कोणी छत्री उघडीत होते, कोणी मुलांना हाका मारीत होते. इतक्यात आमच्या धर्मग्रामातील एक बाई पदराखाली कागदांची पिशवी धरून माझ्यापाशी आल्या. "मास्तर, एवढे वाचून सांगा," असे म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हाती दिली. आत मुलाचे करारपत्र होते. मुलगा दुबईतील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता व त्याला तेथे तीन वर्षे पुरी होत आली होती. इकडे त्याच्या वडिलांच्या हृदयाचे दुखणे बळावले होते, आणि बेळगावच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. मुलाने कायमचे परत यावे, असे आईला वाटत होते, आणि मुलालाही तेच हवे होते. अडचण एवढीच की, करारात साठ दिवसांची नोटीस लिहिलेली होती.

मुलाने वाट शोधून ठेवलेली होती. आईला तो फोनवर म्हणाला होता, "पंधरा दिवसांची रजा काढतो, घरी येतो, आणि परत जातच नाही. तिथले लोक काय माझ्या मागे गावापर्यंत येणार आहेत?" आईला ते पटले होते, परंतु मनात कोठेतरी खुपतही होते. म्हणूनच त्या पिशवी घेऊन आल्या होत्या.

वाचकहो, खरे सांगायचे तर माझ्या ओठांवर प्रथम आलेले शब्द हेच होते की, "येऊ द्या त्याला. बापाच्या जिवापुढे नोटीस कसली?" ते शब्द मी गिळले, कारण त्याच क्षणी मला माझ्या स्वतःच्या घराण्यातील एका तरुणाची आठवण झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी तोही आखातातून असाच रजेवर आला आणि परत गेला नाही. त्या वेळी आम्ही सर्वांनी त्याच्या धाडसाचे कौतुकच केले. पुढे दुसऱ्या देशात चांगली जागा चालून आली, तेव्हा नव्या मालकाने आधीच्या नोकरीचा दाखला मागितला. चार वर्षांचे इमानदारीचे काम. परंतु त्याचा एका ओळीचाही पुरावा त्याच्यापाशी नव्हता, आणि ज्या कंपनीकडून तो मागायचा, तिला तोंड दाखवण्याची सोय उरली नव्हती. ती जागा गेली. त्या दिवशी मी त्याला उपदेश केला नाही, कारण कौतुक करणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून त्या माउलीला मी म्हटले, "बाई, आजचा दिवस मला द्या. कागद नीट वाचतो, मग बोलू." त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज या सदरात मांडतो. आपल्या भागातील फारच थोडी घरे अशी असतील की, ज्यांचा एखादा मुलगा किंवा मुलगी परमुलखात नाही.

परदेशची चाकरी आपल्याला नवी नाही. गोव्यातील तारवटी आगबोटींवर चढत, त्याआधी मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव येथील आपापल्या गावाच्या कुडीत मुक्काम करीत. तेथे गावाच्या पालक संताची वेदी असे, सायंकाळी सर्व मिळून जपमाळ म्हणत, आणि कोणत्या बोटीवर जागा आहे, याची बातमीही तेथेच मिळे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांची दारे उघडली, तेव्हा हाच ओघ तिकडे वळला. तारवट्यांच्या बोलण्यात 'साइन ऑन' आणि 'साइन ऑफ' हे दोन शब्द नेहमी असत. पहिली सही झाल्यावाचून बोटीवर पाऊल नाही, आणि दुसरी सही झाल्यावाचून काम संपले असे नाही. आमची मुले पहिल्या सहीसाठी महिनोन्‌महिने धडपडतात. दुसरी सही मात्र विसरतात.

आता नोटीस म्हणजे काय, ते पाहू. नोटीस म्हणजे मालकाने घातलेली बेडी, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ती दोन्ही पक्षांना बांधते. मालकालाही नोकराला उद्यापासून येऊ नको, असे सहसा म्हणता येत नाही. त्यानेही तितकीच मुदत द्यावी लागते, किंवा त्या मुदतीचा पगार द्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत खाजगी कंपन्यांतील नोकरीसाठी २०२१ सालचा ३३ क्रमांकाचा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार नोटीस कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. नक्की किती, हे करारात लिहिलेले असते. नोटीस लेखी द्यावी लागते, आणि त्या काळात काम चालू ठेवावे लागते व पगारही चालू राहतो. घरकामासाठी गेलेल्या स्त्री-पुरुषांना तेथे वेगळा कायदा लागू आहे, हे त्यांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

सर्व देशांत एकच नियम नाही. कुवेतच्या २०१० सालच्या कायद्याप्रमाणे मासिक पगारावरच्या कामगाराची मुदत तीन महिन्यांची असते. कतारमध्ये २०२० सालच्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या नोकरीस एक महिना व त्यापुढे दोन महिने अशी नोटीस आहे. सौदी अरेबियात फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, बेमुदत करारावरच्या मासिक पगारी कामगाराने ३० दिवस आणि मालकाने ६० दिवस आधी कळवावयाचे असते. तेव्हा शेजारच्या मुलाला कुवेतमध्ये जे लागू झाले, तेच आपल्या मुलाला दुबईत लागू होईल, असे मानणे म्हणजे एकाच्या अंगाच्या मापाने दुसऱ्याचा अंगरखा शिवणे होय.

त्या मुलाच्या कागदांवरून मी हिशेब मांडला. त्याचा एकूण पगार महिन्याला २,००० दिरहॅम, आणि त्यातला मूळ पगार १,५०० दिरहॅम होता. वर्षभराहून अधिक नोकरी झालेल्यास तेथे निघताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांपर्यंत ती दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, आणि त्यापुढील प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार रोजचा ५० दिरहॅम धरला, तर वर्षाचे १,०५० आणि तीन वर्षांचे ३,१५० दिरहॅम झाले. शिल्लक रजेचे पैसे निराळे.

हाच मुलगा नोटीस न देता निघून गेला, तर काय होईल? कायदा सांगतो की, जो पक्ष नोटीस पाळत नाही, त्याने राहिलेल्या दिवसांच्या पगाराइतकी भरपाई दुसऱ्या पक्षाला द्यावी. त्याच्या जाण्याने मालकाचे नुकसान झाले की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. ही भरपाई शेवटच्या पगारावर मोजतात. म्हणजे साठ दिवसांचे ४,००० दिरहॅम झाले. ग्रॅच्युइटी ३,१५० आणि देणे ४,०००! तीन वर्षे भट्टीपुढे घाम गाळून जे साठले, ते सारे जाऊन वर ८५० दिरहॅमचे देणे डोक्यावर राहिले. तीस दिवस काम करून निघाला, तर देणे २,००० आणि हाती १,१५० उरतात. आणि मालकाच्या संमतीने मुदत कमी करून घेतली, तर देणे शून्य व सारे ३,१५० त्याचेच. कारण दोन्ही पक्षांनी ठरविले, तर नोटीस कमी करता येते, किंवा अजिबात माफही करता येते, अशी सोय त्याच कायद्यात आहे. ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते, कारण ती मागण्यासाठी आधी तोंड उघडावे लागते.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट आहे. सबळ कारणावाचून सलग सात दिवसांहून अधिक गैरहजर राहणाऱ्यास मालक नोटिशीवाचून काढू शकतो. करार संपण्यापूर्वी जो बेकायदा काम सोडतो, त्यास सामान्यतः एक वर्षपर्यंत त्या देशात कामाचा नवा परवाना मिळत नाही. आज कोणी म्हणेल, "मला परत जायचेच कोठे आहे?" परंतु पंचविशीतल्या मुलाने 'मी पुन्हा कधीच जाणार नाही' असे म्हणणे, आणि उन्हाळ्यात छत्री मोडून टाकणे, ही दोन्ही एकाच जातीची कृत्ये आहेत.

एवढा हिशेब घेऊन मी त्या घरी गेलो. वडील पडवीत खाटेवर टेकून बसले होते. मुलाला फोन लावला. मी म्हटले, "बाळा, तुला यायचेच आहे, आणि तू यावेस, असे मलाही वाटते. परंतु दोन प्रश्न वेगळे कर. वडिलांच्या शस्त्रक्रियेला हजर राहणे हा एक; नोकरी सोडणे हा दुसरा. पहिल्यासाठी रजा आहे, दुसऱ्यासाठी नोटीस आहे. रजेच्या नावाखाली नोकरी सोडणे म्हणजे ज्याने विश्वासाने दार उघडले, त्यालाच फसविणे होय."

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मास्तर, आमच्याकडे चौघे गेले असे. कोणाचे काही बिघडले नाही." मी म्हटले, "त्यांच्या जागी कोणी काम केले?" त्यावर तो म्हणाला, "आम्हीच केले." आपण काय बोललो, हे त्याचे त्यालाच उमगले असावे. स्वयंपाकघरात एक माणूस अचानक कमी झाला, तर मालकाची थाळी सहसा उपाशी राहत नाही; बाजूला उभा असलेला नेपाळी किंवा केरळी मुलगा बारा तासांऐवजी पंधरा तास उभा राहतो. आणि त्यानंतर त्या हॉटेलात आमच्या गावचा दुसरा मुलगा अर्ज घेऊन गेला, तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल? गावाची पत ही सामाईक विहीर आहे. एकाने त्यात माती टाकली, तर पाणी सर्वांचेच गढूळ होते.

असे असले, तरी मालकाची तळी उचलण्यासाठी मी हे लिहीत नाही. नोटीस न देता निघणे जेथे न्याय्य असते, असेही प्रसंग आहेत, आणि कायदाही ते मान्य करतो. अमिरातीच्या कायद्यात अशी चार कारणे विशेष सांगण्यासारखी आहेत. मालक पगार देत नाही किंवा करारातील आपले कर्तव्य मोडतो, हे कामगाराने तेथील मनुष्यबळ मंत्रालयास कामाचे १४ दिवस आधी कळविले, आणि तरीही सुधारणा झाली नाही, हे पहिले. मारहाण, हिंसा किंवा छळ झाला, हे दुसरे. ते मात्र कळविणे शक्य झाल्यापासून कामाच्या ५ दिवसांच्या आत कळवावे लागते. कामाच्या जागी जिवाला वा आरोग्याला मोठा धोका असून मालक तो दूर करीत नाही, हे तिसरे. आणि करारात एक काम लिहून, कामगाराच्या लेखी संमतीवाचून मुळातच वेगळे काम करावयास लावले, हे चौथे. अशा वेळी सहन करीत बसणे हा सद्गुण नव्हे. विशेषतः आपल्या मुलींनी छळ सोसून घरच्यांना 'सर्व ठीक आहे' असे सांगू नये, आणि घरच्यांनीही पैशाकडे पाहून तसे ऐकून घेऊ नये. परंतु या प्रसंगीसुद्धा निमूटपणे पळून जाण्यापेक्षा तक्रार नोंदवून निघणे श्रेयस्कर, कारण पळालेल्याची बाजू कागदावर कोठेच राहत नाही. मंत्रालय आहे, आपल्या देशाचा दूतावास व वाणिज्य दूतावास आहे. त्यांचे दार ठोठावावे. पासपोर्ट हा ज्याचा त्याचा असतो. कामगाराची अशी कागदपत्रे अडकवून ठेवण्यास तेथील कायदा मालकास मनाई करतो.

नव्याने गेलेल्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. पहिला परीक्षेचा काळ तेथे जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. त्या काळात देश सोडून परत यावयाचे असेल, तर १४ दिवसांची लेखी सूचना पुरते. त्याच देशात दुसरीकडे कामाला जावयाचे असेल, तर एक महिन्याची लागते. तेव्हा हवा मानवत नसेल किंवा काम झेपत नसेल, तर लाजेखातर कुढत न बसता याच काळात निर्णय घ्यावा.

समुद्रावरच्या आपल्या बांधवांचा नियम आणखी निराळा, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. २००६ साली झालेला खलाशांच्या श्रमाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आला, व भारतानेही २०१५ साली तो मान्य केला. त्यात नोटिशीची किमान मुदत सात दिवसांहून कमी नसावी, असे म्हटले आहे. पण त्याबरोबरच घरच्या दुःखद किंवा अन्य तातडीच्या कारणास्तव खलाशाला दंडावाचून त्याहून लवकर, प्रसंगी नोटिशीवाचूनही, मोकळे होण्याची गरज पडू शकते, ही गोष्ट विचारात घ्यावी, असेही सांगितले आहे. आईबाप मरणशय्येवर असताना माणसाचे मन बोटीवर राहत नाही, हे तो करार लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. जमिनीवरच्या मालकांतही असे मन असलेले लोक असतात. पण त्यांना कारण कळले पाहिजे.

निघण्याचे ठरलेच, तर क्रम असा असावा. प्रथम करार वाचावा. सही केलेली प्रत घरीही ठेवावी. राजीनामा लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, आणि पोहोच घ्यावी. त्यातच शेवटचा दिवस कोणता, हे स्पष्ट लिहावे. मुदत कमी करून हवी असेल, तर कारण सांगून विनंती करावी, डॉक्टरांचा कागद जोडावा, आणि होकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. साहेब तोंडाने हो म्हणाले, यावर विसंबू नये. शिल्लक रजा नोटिशीत धरता येईल का, परतीचे तिकीट कोण काढणार, हेही विचारून घ्यावे. बँकेचे कर्ज, कार्डाची उधारी व मोबाईलचे बिल फेडून तशी पत्रे जपून ठेवावीत. देणे मागे ठेवून आलेल्याला पुन्हा त्या देशात उतरताना विमानतळावरच अडचण होऊ शकते. करार संपल्यापासून १४ दिवसांच्या आत पगार व इतर सर्व येणे चुकते करणे मालकावर बंधनकारक आहे. हिशेबाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. आणि नोकरीचा दाखला मागून घ्यावा. तो विनामूल्य देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. कायदे बदलत असतात, म्हणून निघण्याच्या वेळी चालू नियम काय आहे, ते मंत्रालयाकडे किंवा दूतावासाकडे पडताळून पाहावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. त्याने दुसऱ्याच दिवशी मुख्य आचाऱ्याला सर्व सांगितले. आचारी त्याला घेऊन कचेरीत गेला. दहा दिवसांची रजा मिळाली, आणि साठ दिवसांची नोटीस चाळीसांवर आली. त्याहून कमी करण्यास कंपनी तयार झाली नाही. मुलगा शस्त्रक्रियेला आला, वडिलांच्या उशाशी बसला, आणि दहाव्या दिवशी परत निघाला. त्या सकाळी एस.टी.च्या थांब्यावर त्याची आई माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असतो, तर मीही बोललो नसतो. घरात नुकताच दवाखान्यातून आलेला नवरा, वर पावसाची झड, आणि हाताशी आलेला मुलगा एका मास्तराच्या सांगण्यावरून पुन्हा परदेशी चाललेला! शब्द पाळण्याची किंमत शब्द देणाऱ्यालाच द्यावी लागते, असे नाही. ती घरालाही द्यावी लागते. त्या दिवसांत मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करतो.

भाताची लावणी शेजाऱ्यांनी करून दिली. वाड्यावरच्या बायका आपापली शेते उरकून त्यांच्या शेतात उतरल्या. पुढे मुलगा आला तो हिशेबाचे पैसे, नोकरीचा दाखला आणि मुख्य आचाऱ्याने स्वतःहून लिहून दिलेले चार ओळींचे पत्र घेऊन आला. वडील आता काठी टेकीत फाटकापर्यंत चालतात. मुलाने गावाजवळच्या रस्त्यावर लहानशी खाणावळ काढण्याचे योजिले आहे. जमेल की नाही, हे काळ ठरवील.

परवा रविवारी तीच माउली पुन्हा अंगणात भेटली. हातात पिशवी नव्हती. म्हणाली, "मास्तर, आमच्या वाड्यावरचा एक पोरगा त्याच हॉटेलात लागला. आमच्या मुलाचे नाव सांगितले, तेव्हा त्याला आत बोलावून बसवले म्हणे."

मी फक्त मान हलविली. थांब्यावरचा तिचा अबोला त्या वाक्याने सुटला होता, आणि मला तेवढे पुरे होते.